मुलांचे अनिवार चाळे आणि त्यांचें मूळ



आज ज्या विकाराविषयीं मी बोलणार आहें, त्याची पहिली तक्रार सहसा डॉक्टराकडे येत नाहीं. ती येते शाळेंतल्या बाईंकडून, नाहीं तर घरच्या स्वयंपाकघरांतून. कांहीं वर्षांपूर्वीं एका दहा वर्षांच्या मुलीला तिचे आईवडील माझ्याकडे घेऊन आले, तेव्हां त्यांनींहि प्रथम सांगितली ती आजाराची नव्हे, वागणुकीची कथा. महिनाभर तिच्या हातून भांडीं पडत होतीं. दुधाचा पेला तोंडाशीं नेतांना अर्धें दूध अंगावर सांडे. तिचें अक्षर चारचौघांना दाखविण्यासारखें होतें. तें आतां ओळ सोडून वरखालीं धांवूं लागलें होतें, आणि वहीवर लाल शाईनें 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला होता. जेवतांना ती मध्येंच खांदा उडवी, भुंवया नाचवी, जीभ बाहेर काढून झटकन् आंत घेई. पोरगी वेडावून दाखविते आहे असें वाटून वडिलांनीं एकदां चपराक दिली. त्यावर ती ओक्साबोक्शी रडली आणि पांच मिनिटांत हंसूं लागली. तें पाहून आजीनें मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या.

वडील मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झोपेंत ही अगदीं शांत असते. बोटसुद्धां हलत नाहीं. मग जागेपणीं करते तें मुद्दामच करते, असें नाहीं का होत?"

हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, परंतु वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. जागेपणीं चालू, झोपेंत बंद, आणि कोणी पाहूं लागलें किंवा रागें भरलें कीं दुप्पट, हीच या विकाराची खूण. मीं त्या मुलीला माझीं दोन बोटें घट्ट धरून ठेवावयास सांगितलें. तिची पकड क्षणांत आवळे, क्षणांत सैल पडे. म्हशीची धार काढणाऱ्या गवळ्याची मूठ जशी चालते तशी. जीभ बाहेर काढून धर म्हटलें तर ती दोन-तीन सेकंदांपलीकडे राहीना. हात डोक्यावर उभे धरावयास सांगितले तेव्हां तळवे आपोआप बाहेर वळले. यांत सोंग असतें तर तें सोंग वठविण्यास मोठा कसलेला नट लागला असता.

मग मीं विचारलें, "गेल्या सहा महिन्यांत हिचा घसा दुखला होता का?" आई म्हणाली, "छे, तसें कांहीं आठवत नाहीं." मागें उभा असलेला तिचा थोरला भाऊ बोलला, "आई, असें काय करतेस? दिवाळींत हिला चकलीसुद्धां गिळवत नव्हती!" हें संभाषण चाललें होतें फेब्रुवारींत.

या विकाराला वैद्यकांत 'कोरिया' म्हणतात. त्या नांवाच्या देशाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. हा ग्रीक शब्द आहे व त्याचा अर्थ नृत्य. नांवामागें एक विलक्षण इतिहास आहे. मध्ययुगांत युरोपांत ऱ्हाइन नदीच्या आसपास नाचण्याच्या सांथी येत. १३७४ सालीं अशी एक मोठी सांथ आली होती. पुढें १५१८ च्या उन्हाळ्यांत स्ट्रासबर्ग शहरांत एक स्त्री भर रस्त्यांत नाचूं लागली आणि थोड्याच आठवड्यांत शेंकडों माणसें तिच्यासारखीं नाचूं लागलीं. त्यांना थांबतां येईना. अखेर त्यांना सेंट व्हायटस या संताच्या प्रार्थनामंदिरांत नेण्यांत आलें. आपल्याकडे अंगांत आलेल्या माणसाला देवाच्या पायरीवर नेतात, त्यांतलाच हा प्रकार. या सांथी मनाच्या होत्या, दुष्काळानें व भीतीनें गांजलेल्या समाजाच्या होत्या. मुलांच्या ज्या विकाराविषयीं आपण बोलत आहोंत तो हा नव्हे.

परंतु नांव मात्र त्यालाच येऊन चिकटलें. लंडनचा वैद्य थॉमस सिडनम हा मोठा निरीक्षक माणूस. स्वतः वर्षानुवर्षें गाऊटच्या सांधेदुखीनें पिडलेला, आणि ग्रंथांपेक्षां रोग्याच्या खाटेवर अधिक विश्वास ठेवणारा. १६८६ सालीं, म्हणजे मृत्यूपूर्वीं तीन वर्षें, त्यानें या बालविकाराचें वर्णन लिहिलें. दहाव्या वर्षापासून वयांत येईपर्यंतच्या मुलामुलींना तो होतो. आधीं एक पाय फरफटतो, मग त्याच बाजूचा हात ठिकाणावर राहात नाहीं. पेला ओठांशीं नेण्यापूर्वीं मूल दहा ठिकाणीं हात फिरवितें आणि पोंचल्याबरोबर घटकन् पिऊन टाकतें. आजच्या डॉक्टरानें त्यांत फारशी दुरुस्ती करूं नये इतकें तें नेमकें आहे. उपाय मात्र त्या काळचेच, रक्त काढणें आणि रेच देणें. त्यानें या विकाराला सेंट व्हायटसचेंच नांव दिलें आणि नाचऱ्या जमावांचा व दुधाचा पेला सांडणाऱ्या मुलांचा जो घोंटाळा झाला तो पुष्कळ काळ टिकला. मौज अशी कीं, अंगांत ताप भरून एकामागून एक सांधे सुजणाऱ्या संधिवाताचेंहि वर्णन याच सिडनमनें आधीं करून ठेवलें होतें. पण या दोन गोष्टींची गांठ त्यानें घातली नाहीं.

ती गांठ पडावयास जवळजवळ पावणेदोनशें वर्षें लागलीं. तोंपर्यंत, आणि त्यानंतरहि पुष्कळ दिवस, भीति हें या विकाराचें एक मोठें कारण म्हणून वैद्यकग्रंथांत दिलें जाई. तेव्हां आजीच्या मीठ-मोहऱ्यांना हंसण्याचें आपल्याला फारसें कारण नाहीं. आजीइतकेंच प्रोफेसरहि अंधारांत होते. १८५० मध्यें पॅरिसच्या जर्मां से यानें दाखवून दिलें कीं, कोरिया झालेल्या मुलांत सांधे सुजण्याचा इतिहास फार वेळां सांपडतो. पुढें विल्यम ऑस्लर यानें १८९४ सालीं कोरियावर एक ग्रंथच लिहिला. त्यासाठीं त्यानें एक साधें पण मोलाचें काम केलें. ज्यांचे चाळे थांबून वर्षें लोटलीं होतीं, अशा जुन्या रोग्यांना पुन्हां बोलावून त्यांचीं हृदयें तपासलीं. हात स्थिर झाले होते. परंतु पुष्कळांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडलेल्या आढळल्या.

आतां घसा, सांधे, हृदय आणि मेंदू हीं चार टोंकें एकत्र कशीं येतात तें पाहूं. घसा दुखण्याचीं बहुतेक कारणें निरुपद्रवी असतात. सर्दी-खोकल्याबरोबर येणारें घशाचें दुखणें बहुधा विषाणूंचें असतें आणि आपोआप जातें. परंतु कांहीं घसे एका विशिष्ट जंतूनें बिघडतात. सूक्ष्मदर्शकाखालीं हे जंतु ओंवलेल्या मण्यांच्या माळेसारखे दिसतात. त्यांचें नांव स्ट्रेप्टोकोकस, आणि त्यांतला 'ए' गट आपल्या विषयाचा. या जंतूशीं लढण्याकरितां शरीर रक्तांत प्रतिद्रव्यें तयार करतें. पोलिसांना चोराची खूण 'लाल पागोटें' अशी सांगितली, आणि गांवांतल्या कांहीं सज्जनांचींहि पागोटीं लालच निघालीं, तर जें होईल तें येथें होतें. या जंतूच्या वेष्टनांतील कांहीं द्रव्यें आपल्या हृदयांतील, सांध्यांतील आणि मेंदूंतील द्रव्यांशीं मिळतीं-जुळतीं आहेत. चोर पळून गेल्यावरहि पोलीस पागोटीं ओढीतच राहतात. सर्वच मुलांत असें होत नाहीं. थोड्यांच मुलांच्या प्रकृतींत ही चूक घडण्याचा कल असतो. या सर्व प्रकाराला संधिज्वर किंवा ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात, आणि कोरिया हें त्याचें मेंदूंतलें रूप.

मेंदूंत नेमकें कोठें? मेंदूच्या पृष्ठभागाखालीं खोल गाभ्यांत करड्या पेशींचे कांहीं पुंजके आहेत. हालचालीचा हुकूम वरून सुटतो. पण कोणती हालचाल होऊं द्यावयाची आणि कोणती दाबून धरावयाची याचा लगाम या पुंजक्यांच्या हातीं असतो. आपण आतां स्वस्थ बसून ऐकत आहांत. या स्वस्थपणांतहि अनेक हालचाली प्रत्येक क्षणीं आंवरून धरल्या जात आहेत. लगाम ढिला झाला कीं त्या एकेक करून निसटतात. कधीं खांदा, कधीं ओठ, कधीं बोट. १९७६ मध्यें हस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोरियाच्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या रक्तांत नेमक्या या पुंजक्यांतील पेशींना चिकटणारीं प्रतिद्रव्यें सांपडलीं. २००३ सालीं दुसऱ्या एका संशोधकवर्गानें दाखविलें कीं, एकच प्रतिद्रव्य जंतूच्या वेष्टनांतील शर्करेलाहि चिकटतें आणि मज्जापेशींनाहि. तें चिकटल्यानें पेशींतील एक यंत्रणा चेतविली जाते, आणि तिच्यामुळें डोपामीन हें द्रव्य वाजवीपेक्षां अधिक सुटतें असें मानतात. पेशी मरत नाहींत, त्या नुसत्या उगाच चेतत राहतात. म्हणूनच हा विकार बहुतेक मुलांत कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो.

भावाला आठवलेल्या दिवाळीचें महत्त्व आतां ध्यानीं येईल. घसा बरा झाल्यावर सांधे सुजावयाचे ते दोन-तीन आठवड्यांत. परंतु चाळे सुरू होण्यास एकापासून सहा महिन्यांपर्यंत काळ जातो. इतक्या अवधींत घशांतील जंतु नाहींसे झालेले असतात, ताप उतरलेला असतो, आणि रक्ताच्या ज्या तपासणींत जुन्या जंतूचा माग लागावयाचा तीहि पुष्कळदां निर्दोष येते. 'रिपोर्ट चांगला आहे' असें म्हणून आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. याच अडचणीमुळें डॉक्टरांतहि पुष्कळ दिवस वाद होता कीं, ज्या मुलाला दुसरें कांहींच झालेलें नाहीं, नुसते चाळे आहेत, त्याचा जंतूशीं संबंध मानावा तरी कसा? १९५६ सालीं टॅरांटा आणि स्टोलरमन या दोघांनीं दाखवून दिलें कीं, संबंध असतोच. फक्त मधलें अंतर एवढें लांब असतें कीं पुरावा पुसला जातो. संधिज्वराचें निदान करण्यासाठीं डकेट जोन्स यांनीं १९४४ मध्यें लक्षणांचा जो तक्ता घालून दिला, तो अनेकदां सुधारून आजहि वापरतात. त्यांत इतर लक्षणांना एकमेकांची साक्ष लागते; कोरिया मात्र एकटा पुरेसा मानतात.

हा विकार पांच ते पंधरा या वयांत येतो, आणि मुलांपेक्षां मुलींना अधिक. कांहीं मुलांत तो शरीराच्या एकाच बाजूस असतो. शुद्ध जात नाहीं, तेव्हां ही फेंफरें नव्हे. डोळे मिचकावण्याची किंवा घसा खांकरण्याची जी संवय मुलांना लागते तिच्यांत तीच ती हालचाल पुनःपुन्हां होते व मूल ती थोडा वेळ दाबूंहि शकतें. कोरियांत पुढची हालचाल कोणती येणार हें मुलाला स्वतःलाहि ठाऊक नसतें. आणखी एक गोष्ट, जी अंगापेक्षां मनाची आहे. चाळे दिसूं लागण्याच्या आधींच मूल चिडखोर, रडवें, विसराळू होतें. कोणी पुनःपुन्हां हात धुतें, दाराची कडी दहादां पाहून येतें. घरांत याला हट्ट म्हणतात. पुंजके तेच, लगाम तोच. तो मनावरचाहि ढिला झालेला असतो एवढेंच.

बालपणच्या आजारानंतर येणाऱ्या हालचालींचें हें एकच मूळ आहे असें मात्र नव्हे. अगदीं लहानपणीं गोंवर येऊन गेलेल्या मुलांपैकीं फारच थोड्यांच्या मेंदूंत तो विषाणु दडून राहतो आणि कित्येक वर्षांनीं, अभ्यासांत मागें पडणें व ठराविक अंतरानें अंग दचकून झटके बसणें, अशा रूपानें प्रकट होतो. तो विकार प्राणघातक आहे. सुदैवानें गोंवराची लस त्याचीहि लस आहे. नवजात अर्भकाची कावीळ अतोनात वाढूं दिली तर त्याच गाभ्याला कायमची इजा होऊन पुढें हातपाय पिळवटत राहतात. शरीरांत तांबें सांचण्याचा एक आनुवंशिक रोग आहे, तोहि प्रथम असाच दिसूं शकतो व त्यावर औषध आहे. प्रौढपणीं सुरू होऊन पिढ्यान् पिढ्या चालणारा जो कोरिया जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरानें १८७२ मध्यें वर्णिला, तो तर अगदींच निराळा. म्हणून निदान घरीं बसून करूं नये. पण शंका घरींच आली पाहिजे.

आतां मुख्य प्रश्न. गेलेला विकार पुन्हां कां येतो? निरनिराळ्या पाहण्यांत कोरिया झालेल्या मुलांपैकीं एकपंचमांशापासून निम्म्यापर्यंत मुलांना तो पुन्हां झाला, आणि बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. पहिलें कारण उघड आहे. तो जंतु पुन्हां घशांत आला. एकदां चूक करावयास शिकलेलें शरीर दुसऱ्या खेपेस ती चूक अधिक लवकर आणि अधिक जोरानें करतें, मग या वेळचा घसा नांवापुरता कां दुखलेला असेना. दुसरें कारण अधिक गूढ आहे. ज्या पुंजक्यांवर एकदां हा आघात होऊन गेला ते पुढें वर्षानुवर्षें हळवे राहतात. स्त्रियांच्या शरीरांतील ईस्ट्रोजेन हा अंतःस्राव डोपामीनचा प्रभाव वाढवितो. त्यामुळें लहानपणीं कोरिया होऊन गेलेल्या स्त्रीला गरोदरपणांत, किंवा संततिनियमनाच्या ईस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनीं, तो जंतूवांचूनहि पुन्हां दिसूं शकतो. बाळंतपणानंतर किंवा गोळ्या थांबविल्यावर तो बहुधा जातो.

त्या मुलीकडे पुन्हां वळूं. पहिल्या खेपेस तिला विश्रांति, गलबल्यापासून दूर अशी एक खोली, आणि चाळे आंवरण्यासाठीं मज्जातंतूंना शांत करणारें औषध दिलें. तीन महिन्यांत ती पूर्वीसारखें लिहूं लागली. हृदय कानाला निर्दोष वाटत होतें. परंतु हल्लीं ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र काढतां येतें, आणि तें काढल्यास कोरियाच्या निम्म्याहून अधिक मुलांत झडपांना कांहीं ना कांहीं इजा दिसते. हिच्या एका झडपेंतून किंचित् रक्त मागें गळत होतें. म्हणून दर तीन आठवड्यांनीं बेंझाथीन पेनिसिलिनचें इंजेक्शन सुरू केलें. हें औषध स्नायूंत सांठून हळूहळू रक्तांत उतरतें आणि त्या जंतूला घशांत पाय ठेवूं देत नाहीं. हृदय निर्दोष असेल तरी हीं इंजेक्शनें निदान पांच वर्षें किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकीं जें उशीरा येईल तोंवर चालवावयाचीं असतात. हृदयाला धक्का लागला असेल तर दहा वर्षें, आणि झडप बिघडलेलीच राहिली तर चाळिशीपर्यंत किंवा त्याहूनहि पुढें.

इंजेक्शन दुखतें. मुलगी तर ठणठणीत दिसत होती. दीड वर्षानें परीक्षा आली, मग एका नातेवाइकाचें लग्न, मग आणखी कांहीं. आणि तीं बंद झालीं. मी त्या आईला दोष देत नाहीं. ज्या रोगाचें आतां कांहींच दिसत नाहीं त्याकरितां मुलीला दर तीन आठवड्यांनीं रडविणें कोणत्या आईला आवडेल? तेराव्या वर्षीं तीं पुन्हां आलीं. चाळे या वेळीं सौम्य होते, उजव्या हातापुरते. पण छातीला नळी लावतांच जो आवाज ऐकूं आला तो पहिल्या खेपेस नव्हता.

हा रोग गरिबांच्या चाळींचा, आपला नव्हे, अशी एक समजूत सुशिक्षित घरांत आहे. दाटीवाटीच्या घरांत हा जंतु अधिक पसरतो हें खरेंच. पाश्चात्य देशांत घरें आणि राहणी सुधारतांच पेनिसिलिन निघण्याच्याहि आधीं संधिज्वर ओसरूं लागला होता. हिंदुस्थानांत, आफ्रिकेंत आणि पॅसिफिक बेटांवर तो अद्याप ठाण मांडून आहे. परंतु शाळेचा वर्ग आणि शिकवणीची खोली हींहि दाटीचींच ठिकाणें आहेत. मुलाला एकाएकीं ताप आला, गिळतांना दुखूं लागलें, गळ्याच्या गांठी सुजल्या आणि सर्दी-खोकला मात्र नाहीं, तर तो घसा डॉक्टराला दाखवावा. दुखणें सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू केलें तरी संधिज्वर टळतो. गोळ्या दिल्या तर त्या दहा दिवसांच्या असतात. तिसऱ्या दिवशीं ताप उतरतो आणि उरलेली पट्टी कपाटांत जाते, हा अनुभव प्रत्येक डॉक्टराला आहे.

शाळेंतल्या बाईंना मीं त्या वेळीं एक चिठ्ठी लिहिली होती. लेखी परीक्षेऐवजीं तोंडीं घ्यावी, मागच्या बांकावर बसवूं नये, आणि हात स्थिर ठेव असें म्हणूं नये, कारण त्यानेंच तो अधिक हलतो. बाईंनीं तें सर्व मनापासून केलें, आणि वहींतला तो लाल शेरा स्वतः खोडून त्यावर सही केली.

ती मुलगी आतां कॉलेजांत आहे. इंजेक्शनें चुकत नाहींत. तिच्या आईनें मध्यंतरीं मला हळूच विचारलें कीं, पुढें लग्नाच्या वेळीं हें सांगावें लागेल का? आपल्याकडे मुलीचें बालपणचें दुखणें झांकून ठेवण्याची रीत आहे, आणि कागदपत्र माहेरच्या पेटींत राहतात. मीं सांगितलें, सासरीं कोणाला काय सांगावयाचें तें तुम्ही दोघींनीं ठरवा. परंतु गरोदरपणीं जो डॉक्टर तिला पाहील, किंवा गोळ्या लिहून देईल, त्याला हें पहिल्याच भेटींत कळलें पाहिजे, कारण बिघडलेली झडप आणि हळवा मेंदू या दोन्ही गोष्टी त्या वेळीं जाग्या होऊं शकतात. त्या बाईंनीं घरीं जाऊन हृदयाच्या तपासणीचे सर्व कागद आणि इंजेक्शनांच्या तारखांची वही एका जाड लिफाफ्यांत घातली, आणि त्यावर मुलीचें नांव घातलें. लिफाफा मुलीच्याच कपाटांत ठेवला आहे.